एका फिल्मवर दोन मनगटं

या दिवाळी अंकाचे संपादक दर वर्षी पावसाळ्यात फोन करतात. "काका, उभा जन्म एक्स-रे काढण्यात गेला तुमचा. लिहा ना काहीतरी." मीही दर वर्षी काहीतरी देतो, पण जे द्यायला हवं ते देत नाही. एकदा 'क्ष-किरण : समज आणि गैरसमज' असा लेख दिला. तो इतका निरुपद्रवी होता की माझ्या बायकोनेही अर्ध्यावर सोडला. पुढच्या वर्षी गुडघेदुखीवर लिहिलं. त्यानंतर मोतीबिंदूचं कारण सांगितलं, आणि ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली तरी तेच सांगत राहिलो. यंदा संपादक स्वतःच घरी आले आणि मी वर्तमानपत्र वाचताना त्यांना सापडलो, तेही चष्म्याशिवाय. तेव्हा लिहितो.

मी बुलडाणा जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे तंत्रज्ञ होतो. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण चूक इमारतीची नव्हती. लोक मला 'फोटोवाले भाऊ' म्हणत. आमच्याकडे एक्स-रेला फोटोच म्हणतात, त्यामुळे त्याच्याकडून अपेक्षाही फोटोच्याच असतात. एक म्हातारबा डोक्याला टोपी, गळ्यात उपरणं असे तयार होऊन आले. छातीचा फोटो झाल्यावर म्हणाले, "चेहरा नाही आला काय? घरी लावाचा होता." दुसऱ्या एकांना पाठीचा फोटो काढताक्षणी उतार पडला. फिल्म अजून धुवायचीच होती, पण ते टेबलावरून उठले, कंबर वाकवून पाहिली आणि "लय फरक पडला भाऊ" म्हणत निघून गेले. माझ्या हातून बरा झालेला तो पहिला आणि शेवटचा रोगी.

आता सगळं संगणकावर होतं. आमच्या वेळी फिल्म होती, आणि ती सरकारी असल्यामुळे बहुतेक वेळा नव्हती. मार्च संपला की जुना साठा संपे आणि नव्या खरेदीला मंजुरी येईपर्यंत पावसाळा लागे. मधले महिने मी कसे काढले हे ऐकाल तर हसाल. मीही हसत असे, कारण मला त्याचा फार अभिमान होता.

फिल्म धुण्याचं औषध जुनं झालं की चित्र फिकं येतं. मी त्याच औषधात फिल्म दुप्पट वेळ ठेवायचो. उन्हाळ्यात औषध तापलं की फिल्मवरचा थर सायीसारखा सुटून येतो. म्हणून मी बाहेरच्या कुल्फीवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून औषधाच्या टाकीत सोडायचो. डार्करूममध्ये मदतीला असलेला माणूस निवृत्त झाला, ती जागा भरली नाही, तेव्हा तेही काम माझ्याकडे आलं. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा एक बिल्ला आम्हाला मिळायचा. तो यायचा बंद झाला, तरी मी रिकामी डबी छातीला लावून फिरायचो. तिच्यात काही मोजलं जात नव्हतं, पण रुबाब राहत होता.

आणि माझी खास करामत म्हणजे अर्धी फिल्म. हात, मनगट, पाऊल असं लहान काम असलं की फिल्मच्या अर्ध्या भागावर शिशाचा पत्रा झाकायचा, उरलेल्या अर्ध्यावर एकाचा फोटो घ्यायचा. मग पत्रा सरकवून दुसऱ्या अर्ध्यावर दुसऱ्याचा. धुऊन वाळली की कात्रीने मधोमध कापायची. एका फिल्मवर दोन माणसं. एका पाटलांना हे फार लागलं होतं.

"आमाले अर्धा काऊन?"

"पाटील, हात एकच दुखतो ना? दोन्ही दुखले असते तर पूर्ण दिली असती."

पुढच्या खेपेला ते दोन्ही हात दुखतात म्हणून आले.

यात एक अडचण असते, ती नीट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तुमचे दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवून पाहा. दोन्ही अंगठे आतल्या बाजूला येतील. आता हात एकमेकांच्या जागी न्या, उजवा डावीकडे आणि डावा उजवीकडे. अंगठे बाहेर गेले. फिल्म काचेसारखी असते, दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ती उलटी धरली तर डावीकडचा हात उजवीकडे जातो आणि चित्र जसंच्या तसं दिसतं. उजवा हात डावा वाटू लागतो, डावा उजवा. म्हणून फोटो काढताना कडेला शिशाचं 'आर' किंवा 'एल' हे अक्षर ठेवायचं असतं, ते फोटोत उमटतं. आमचा 'एल' मी नोकरीला लागण्याआधीच हरवला होता. 'आर' माझ्या काळात गेला. मागणीपत्रं पाठवली. शिशाचं बोटभर अक्षर वरून येईना, तेव्हा मी माझी युक्ती काढली. डार्करूमच्या अंधारात फिल्म बाहेर काढली की पहिल्या रोग्याच्या बाजूचा कोपरा कात्रीने छाटायचा. छाटलेला कोपरा पहिल्याचा. या युक्तीने मी कित्येक महिने एकही चूक न करता काढले. निदान मला तसं वाटत होतं.

वाया गेलेल्या फिल्मची संख्या वरच्या कार्यालयाला कळवावी लागे. माझ्या रकान्यात महिनोन्‌महिने 'निरंक' असायचं. बैठकीत साहेबांनी माझं नाव घेतलं होतं. मी तो शब्द अंगाखांद्यावर मिरवत होतो.

सुमनबाई आमच्याकडे ठेकेदारामार्फत सफाईला होती, जवळच्या उंद्री गावची. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणायची. कायम सफाई कामगारांच्या जागा रिकाम्या होत गेल्या आणि तीन माणसांचं काम तिच्या एकटीवर आलं. तरी प्रसूतीची खोली ती दिवसातून दोनदा पुसायची. "बाळ या फरशीकडं पाह्यत जन्माले येते भाऊ, त्याले काय वाटन?" असं म्हणायची. मी फिल्म वाचवायचो, ती फिनेल वाचवायची. फरक एवढाच की तिचं कोणी बैठकीत नाव घेत नव्हतं.

एका एप्रिलमध्ये भरलेली बादली घेऊन उतारावर ती घसरली आणि उजव्या तळहातावर पडली. डॉक्टर मॅडमनी फोटो लिहून दिला. या मॅडम शिक्षणाच्या करारापोटी वर्षभर आमच्याकडे आल्या होत्या, वयाने लहान, पुण्याकडच्या. आमचं बोलणं त्यांना अर्धंच कळायचं, पण रोग्याला हात लावून तपासायच्या. त्याच वेळी अमडापूरच्या शाळेतल्या शेळके मॅडम आल्या. त्या स्कूटीवरून पडल्या होत्या, डावं मनगट सुजलेलं. माझ्याकडे सहा फिल्म उरल्या होत्या. दोन बायका, दोन मनगटं. मला काय आनंद झाला असेल!

सुमनबाई आधी आली होती, म्हणून फिल्मच्या डाव्या अर्ध्यावर तिचा उजवा हात घेतला, दुसऱ्या अर्ध्यावर शेळके मॅडमचा डावा. तुम्ही आत्ता टेबलावर ठेवले तसेच, अंगठे बाहेर. सुमनबाईच्या हातात एक बांगडी होती, सूज आल्यामुळे निघेना.

"राहू द्या ना भाऊ, एवढीशी तर हाये."

"फोटोत येते ती. काम नियमात व्हायला पाहिजे," मी म्हणालो. साबण लावून, तिला दोनदा "आई गं" म्हणायला लावून ती बांगडी काढली. तेवढी एक बांगडी राहिली असती तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. माझ्या उभ्या नोकरीतला सगळ्यांत महागात पडलेला नियम तो.

डार्करूममध्ये गेलो. बर्फाची पिशवी फुटली होती, ती अंधारात चाचपत बाहेर काढली. फिल्म हातात घेतली आणि बाहेर दार वाजलं. "भाऊ, लवकर या, जीप उलटली, पेशंट आणले!" मी घाईघाईने फिल्म चिमट्यात अडकवून औषधात सोडली आणि वेळ होताच धुऊन बाहेर धावलो. जीपवाल्यांचं काम आटोपून परत आलो तेव्हा फिल्म वाळली होती. चारही कोपरे शाबूत होते.

छाटायचं राहून गेलं होतं. आता कुठला अर्धा कोणाचा?

एका मनगटात अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या काजूएवढ्या हाडात केसासारखी बारीक रेघ होती. ते हाड मोडलेलं. दुसरं मनगट धडधाकट. या काजूचं असं असतं की त्याला रक्त कमी पोचतं. वेळेवर प्लॅस्टरमध्ये बांधलं तर जुळतं. काम करत राहिलं तर दोन तुकडे कायमचे वेगळे राहतात आणि मनगट हळूहळू आखडतं.

करायचं काय होतं हे शिकाऊ पोरालाही कळलं असतं. दोघींना बोलवायचं, दोन नव्या फिल्म लावायच्या. पण मग उरल्यासुरल्या फिल्ममधल्या आणखी दोन गेल्या असत्या आणि एक वाया गेली म्हणून लिहावी लागली असती. 'निरंक' गेलं असतं.

मी फिल्म उजेडासमोर धरली आणि डोकं चालवलं. एका मनगटाची हाडं रुंद, भक्कम. दुसऱ्याची बारीक, नाजूक. मोडलेलं होतं ते नाजूक. मी मनाशी म्हणालो, बादल्या उचलणारीची हाडं जाड असणार, खडू धरणारीची बारीक. भक्कम मनगट सुमनबाईचं, नाजूक शेळके मॅडमचं. कापलं, नावं घातली, पाठवून दिलं. मला त्या विचाराची लाजही वाटली नाही, उलट आपण किती हुशार असं वाटलं. तीन वर्षं सुमनबाईला रोज पाहत होतो. तिचा झाडू ओळखला असता, मनगट कधी पाहिलंच नव्हतं.

शेळके मॅडमना प्लॅस्टर पडलं. त्यांना कुठेही बोट लावलं तरी त्या ओरडत होत्या, त्यामुळे शंका यायचं कारण नव्हतं. सुमनबाईला मात्र डॉक्टर मॅडमनी अंगठ्याच्या मुळाशी दाबलं आणि त्या थांबल्या. फोटो घेऊन माझ्याकडे आल्या.

"भाऊ, हिला नेमकं तिथंच दुखतंय. पुन्हा एक काढाल? थोडा तिरका."

"मॅडम, फिल्म मोजून राहिल्यात. आणि माझ्या फोटोत असं सुटत नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं म्हणालो होतो. माझ्या निम्म्या वयाच्या डॉक्टरला, छातीवरची रिकामी डबी सरळ करत. त्यांनी केसपेपरवर 'दहा दिवसांनी पुन्हा फोटो' असं लिहून ठेवलं. दहा दिवसांनी फिल्म संपल्या होत्या. महिनाभराने त्यांचं वर्ष संपलं, त्या गेल्या.

सुमनबाई तर खूश झाली होती. "बरं झालं बाप्पा! पलस्तर लागलं असतं तं ठेकेदारानं दुसरी बाई ठेवली असती. तुमच्या तोंडात साखर पडो भाऊ." क्रेप पट्टी गुंडाळून दुसऱ्या दिवशी कामावर हजर.

इथपर्यंतची चूक एक वेळ घाईवर ढकलता येईल. मी पुष्कळ वर्षं ढकलली. पुढची ढकलता येत नाही, आणि तीच लिहायला बसलो आहे.

सहा आठवड्यांनी शेळके मॅडमचं प्लॅस्टर काढलं. तोपर्यंत नवा साठा आला होता. मी दिलदारपणे त्यांना पूर्ण फिल्म दिली. धुऊन पाहिली तर रुंद, भक्कम हाडं. रेघेचा मागमूस नाही. त्यांनी जुना अर्धा फोटो बरोबर आणला होता, तो शेजारी धरला. सहा आठवड्यांत माणसाचं मोडलेलं हाड जुळू शकतं, बारीक मनगट जाड होऊ शकत नाही.

"काय झालं हो? नाही जुळलं का?" शेळके मॅडमनी घाबरून विचारलं.

"जुळलं. अगदी छान." मी त्यांचा जुना फोटो माझ्याकडेच ठेवून घेतला. "मॅडम, तुमचा हात फार मजबूत आहे हो."

"असणारच. कॉलेजात गोळाफेक करायचे मी."

त्या खूश होऊन बोलत होत्या, सरकारी दवाखान्यात इतकं चांगलं काम होतं हे लोकांना सांगितलं पाहिजे वगैरे. एवढ्यात सुमनबाई बादली घेऊन आत आली. फडकं पिळताना तिने ते नळाला गुंडाळलं आणि डाव्या हाताने ओढलं. उजवा हात पोटाशी धरला होता.

"भाऊ, अजून दुखते हो मनगट. जोर नाही लागत."

खुर्चीवर शेळके मॅडम, त्यांच्यासमोर सुमनबाई, आणि माझ्या हातात तो फोटो. ज्या हाडाचा होता ते हाड माझ्यापासून चार हातांवर होतं. तेव्हाही वेळ गेली नव्हती. अकोल्याला पाठवलं असतं, बांधलं असतं किंवा ऑपरेशन केलं असतं, तर हात वाचण्याची आशा होती. हे मला माहीत होतं. मी हे काम जाणणारा माणूस होतो, न जाणणारा असतो तर निदान अडाणी म्हणून सुटलो असतो. पण खरं बोललो तर चौकशी लागेल, शेळके मॅडम विनाकारण सहा आठवडे बांधून ठेवल्याबद्दल तक्रार करतील, माझी चार वर्षं राहिली आहेत, एवढं सगळं एका श्वासात माझ्या डोक्यात येऊन गेलं.

"मुका मार आहे," मी म्हणालो. "गरम पाण्याने शेकत जा."

"हाव," ती म्हणाली आणि फरशी पुसायला लागली.

पुढच्या सव्वीस जानेवारीला मला 'साधनसामग्रीचा काटकसरीने वापर' केल्याबद्दल प्रमाणपत्र मिळालं. शेळके मॅडमनी खास अमडापूरहून येऊन मला पेढे दिले. आमचे साहेब भाषणात म्हणाले की पैसा नसला तरी निष्ठा असली की दवाखाना चालतो. हे खोटं नव्हतं. ती निष्ठा त्या वेळी मागे उभी राहून डाव्या हाताने चहाचा ट्रे सांभाळत होती. मी दोन कप चहा घेतला.

तिने दीड वर्ष तसंच काम केलं. बादली अर्धी भरायची आणि दुप्पट खेपा घालायची. प्रसूतीची खोली दोनदा पुसायचं सोडलं नाही. मग ठेकेदार बदलला. नव्याने चार दिवस पाहिलं आणि दुसरी बाई लावली. जाताना ती निरोप घ्यायला माझ्या खोलीत आली.

"अकोल्याले दाखवला हात, मोठ्या दवाखान्यात. थे म्हने, हाड मोडून लय दिवस झाले. वेळेवर समजलं असतं तं जुळलं असतं."

मी विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, साहेब, तसं होऊच शकत नाही. आमच्या भाऊनं तवाच फोटो काढला होता, हाड चांगलं होतं. नंतर कवा मोडलं असन, माह्यंच ध्यान नसन."

माझ्या बचावाला आयुष्यात एवढा चांगला वकील मिळाला नाही. मी मान हलवली. मान हलवली याचा अर्थ 'हो' असा होतो, हे मला कळत होतं.

निवृत्त झाल्यावर दोन वर्षं मी विचार करत राहिलो. शेवटी एक दिवस चिखलीहून उंद्रीची बस धरली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, तिच्याच बोलीत, कारण दवाखान्यातल्या पुस्तकी मराठीत माझ्या तोंडून खरं निघायची सवय राहिली नव्हती. प्रमाणपत्राची फ्रेम पिशवीत घेतली होती. तिच्यासमोर फोडावी, असं काहीतरी नाटक डोक्यात होतं. माफी मागायला जातानाही मला रंगमंच लागत होता, बघा.

सुमनबाई ओट्यावर बसली होती. मला पाहून उठली, डाव्या हाताने पदर सावरला. "या या भाऊ! सूनबाई, चहा ठेव वं, आमचे फोटोवाले भाऊ आले!" शेजारणींना हाक मारून दाखवलं. उजव्या हाताने कप उचलवत नव्हता, तो मला देताना तिने खालून डावा हात लावला.

"सुमनबाई, मले तुमच्याशी बोलाचं हाये," मी म्हणालो.

"थांबा भाऊ, आधी माह्यं काम करा." ती आत गेली आणि एक मोठा लखोटा घेऊन आली. गुडघा दुखत होता म्हणून तिने चिखलीला एक्स-रे काढला होता. नवीन पद्धतीचा, पूर्ण फिल्म. एका कोपऱ्यात तिचं नाव आणि वय छापलेलं, कडेला ठसठशीत 'आर'. "डॉक्टरनं चांगला हाये म्हटलं. पन म्या म्हटलं, आमचे भाऊ पाह्यतीन तवा खरं. तुमी म्हटलं ना चांगला, की मंग मले घोर नाही."

मी फिल्म उन्हात धरली. फार वेळ धरली, कारण तेवढ्याने चेहरा झाकला जात होता. गुडघ्याची झीज वयाप्रमाणे होती, बाकी काही नव्हतं.

"चांगला आहे," मी म्हणालो.

"पाह्यलं वं?" ती सुनेला म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुमी काय म्हनत होते?"

रस्त्यावर परतीच्या बसचा हॉर्न वाजला. मी म्हणालो, काही नाही, सहज आलो होतो. पिशवी उचलली. फ्रेम तशीच घरी आली, आता माळ्यावर आहे.

हा अंक उंद्रीलाही जातो. तिची सून शिकलेली आहे, ती वाचून दाखवेल. कदाचित दाखवणार नाही. म्हणून जे पाठ करून गेलो होतो, ते इथे लिहून ठेवतो.

सुमनबाई, तो फोटो तुमचा नव्हता. हाड नंतर नाही मोडलं, त्याच दिवशी मोडलं होतं. तुमच्या हाताचा फोटो म्या दुसऱ्या बाईले देला. सहा आठवड्यांनं मले समजलं, तवा तुमी माह्यासमोर उभ्या होत्या, अन् म्या तुमाले शेकाले सांगतलं.